पिकलं तरी पुरलं नाही: जपानमधल्या तांदूळटंचाईचं प्रकरण (2024-25)

जपानची माणसं जे खातात त्यातलं किती जपानमध्येच पिकतं, याचा हिशेब तिथलं सरकार कॅलरीत मांडतं आणि दरवर्षी जाहीर करतं. 2023 या आर्थिक वर्षाचा आकडा होता 38 टक्के. 1965 मध्ये हाच आकडा 73 होता. गहू, सोयाबीन, गुराढोरांना आणि कोंबड्यांना घालायचा मका हे सगळं मुख्यतः बोटीने येतं. त्यामुळे तिथे अन्नसुरक्षेचा विषय निघाला की सगळ्यांची नजर समुद्राकडे वळते. युद्ध पेटलं तर काय, अमेरिकेने हात आखडता घेतला तर काय? ही धास्ती पोकळ नाही. 1973 च्या जूनमध्ये निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात अचानक रोखली आणि तोफू महागला, हे तिथल्या जुन्या पिढीला चांगलं आठवतं.

पण 2024 च्या ऑगस्टमध्ये सुपरमार्केटची फळी रिकामी झाली ती तांदळाची. जे एक धान्य जपान जवळजवळ पूर्णपणे घरचं खातो, तेच संपलं. गव्हाचं पीठ मात्र एक दिवससुद्धा कमी पडलं नाही, आणि गव्हाचा तर पाचवा हिस्साही देशात पिकत नाही.

म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तांदूळ जास्त होऊ नये, भाव पडू नयेत, यासाठी जपानने पन्नास वर्षं धोरण राबवलं आणि त्यालाच हळूहळू अन्नसुरक्षा म्हणायची सवय लागली. शिल्लक कापत कापत इतकी काटेकोर केली की एक तापलेला उन्हाळा आणि कृषी मंत्रालयाचा एक चुकलेला अंदाज एवढ्यावर सगळी गाडी घसरली.

दहा गुंठ्यांमागे अनुदान

जपानच्या राजकारणात तांदळाचा भाव हा आगीशी खेळ मानला जातो. 1918 च्या जुलैमध्ये तोयामा प्रांतातल्या उओझू या किनाऱ्यावरच्या गावात कोळणींनी तांदूळ बाहेरगावी पाठवायला विरोध केला. तिथून दंगली देशभर पसरल्या आणि सप्टेंबरात तेराउची मंत्रिमंडळ गेलं. युद्धकाळात, 1942 मध्ये, अन्न नियंत्रण कायदा आला आणि सगळा तांदूळ सरकारने ताब्यात घेतला. युद्धानंतरही ती पद्धत चालू राहिली. शेतकऱ्याकडून चढ्या भावाने घ्यायचा, ग्राहकाला स्वस्तात द्यायचा आणि मधली तूट तिजोरीतून भरायची. आपल्याकडच्या हमीभाव आणि रेशनच्या गणिताशी हे बरंच जुळतं.

गंमत अशी की ज्या काळात भाव चांगला मिळत होता, त्याच काळात लोकांचं भात खाणं कमी व्हायला लागलं. 1962 मध्ये माणशी वर्षाला 118 किलो तांदूळ लागायचा, आता 51 किलोच्या आसपास लागतो. पाव आला, नूडल्स आल्या, मांस आलं. पीक मात्र वाढतच होतं. 1967 ला 144.5 लाख टनांचा उच्चांक झाला. 1970 पर्यंत सरकारी गोदामांत 72 लाख टन तांदूळ पडून होता आणि तो कुणालाच नको होता.

मग सुरू झालं 'गेनतान', म्हणजे भाताखालचं क्षेत्र कमी करण्याचं धोरण. कोणत्या प्रांताने किती खाचरं रिकामी ठेवायची किंवा दुसऱ्या पिकाखाली आणायची, हे सरकार ठरवून देऊ लागलं. 2018 मध्ये हे धोरण कागदोपत्री संपलं. खरं तर संपला तो फक्त वाटून दिलेला कोटा. पुढच्या वर्षी देशाला किती तांदूळ लागेल याचा अंदाज मंत्रालय दरवर्षी जाहीर करत राहिलं आणि प्रांताप्रांतातल्या समित्या त्यावरून आपापलं उद्दिष्ट ठरवत राहिल्या. अनुदानही राहिलंच. माणसांऐवजी जनावरांसाठी भात लावला तर 10 आर, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांमागे, 1,05,000 येनपर्यंत मिळू शकतात. भातखाचरांत दुसरं काही पिकवण्यासाठीच्या या अनुदानावर वर्षाला सुमारे 30,000 कोटी येन खर्च होतात. आज देशातल्या भातखाचरांपैकी जवळपास 40 टक्के जमिनीत लोकांच्या ताटातला तांदूळ पिकत नाही.

थोडक्यात, जमीन आहे, पाटाचं पाणी आहे, बियाणं आहे. त्यांचा वापर कमी करावा म्हणून सरकार पैसे मोजतं आहे. कॅनन इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेतले काझुहितो यामाशिता हे पूर्वी याच मंत्रालयात अधिकारी होते. ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भरपूर पिकवा, एरवी जास्तीचं निर्यात करा आणि अडीनडीला तीच निर्यात घरी वळवा. त्यांचं हे म्हणणं मला पटतं. निर्यात हाच साठा, आणि त्याला गोदामाचं भाडं लागत नाही.

पांढऱ्या पोटाचा दाणा

2023 चा उन्हाळा जपानमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तोवरचा सर्वात उष्ण ठरला. भात निसवल्यानंतरचे वीसेक दिवस दाणा भरण्याचे असतात. त्या दिवसांत सरासरी तापमान 26-27 अंशांच्या वर राहिलं की दाण्यात पिष्ट (स्टार्च) दाटून बसत नाही. मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि काचेसारखा पारदर्शक दिसायला हवा तो दाणा खडूसारखा पांढरा दिसतो. असा दाणा गिरणीत फुटतो. कणी वाढते, उतारा घटतो. 100 किलो कच्च्या तांदळातून जितका पॉलिशचा तांदूळ निघायला हवा तितका निघत नाही.

निइगाता हा जपानच्या तांदळाचा मानाचा प्रांत आणि कोशिहिकारी हा तिथला मानाचा वाण. त्या वर्षी निइगातातल्या कोशिहिकारीपैकी पहिल्या प्रतीचा माल फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. एरवी तीन चतुर्थांशाच्या आसपास निघतो.

हे सगळं घडत असताना मंत्रालयाचा 'पीक-स्थिती निर्देशांक' काय सांगत होता? 101. म्हणजे सरासरीपेक्षा किंचित चांगलंच पीक. शेतकरी म्हणत होते की आकडा खळ्याशी जुळत नाही. यात चाळणीचाही एक मुद्दा होता, आणि तो मला सगळ्या प्रकरणात सर्वात बोलका वाटतो. उत्पादनाचा सरकारी आकडा 1.70 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेल्या दाण्यांवरून निघायचा. शेतकरी विक्रीचा माल चाळतो 1.80 ते 1.90 मिलिमीटरच्या चाळणीवर. कडक ऊन नसलेल्या वर्षी हा फरक किरकोळ. उन्हाने दाणा बारीक राहिला की दोन चाळण्यांच्या मधल्या जागेतून बराच माल निसटतो. तो सरकारच्या वहीत असतो आणि बाजारात नसतो. अखेर 2025 च्या जूनमध्ये हा निर्देशांक बंद करायचं ठरलं. पुढे उत्पादनाची मोजणीही शेतकऱ्याच्या चाळणीला धरून करायचं ठरलं. वराती मागून घोडे.

दुसरी चूक मागणीत झाली. लोकसंख्या घटते, भात खाणं घटतं, म्हणून मागणी वर्षाला साधारण लाखभर टनांनी कमी होणार, हे मंत्रालयाने धरूनच ठेवलं होतं. 2023-24 साठी सुमारे 68 लाख टन लागतील असा अंदाज होता. पण युक्रेन युद्धानंतर पाव-नूडल्स महागले आणि त्यामानाने तांदूळ स्वस्त वाटू लागला. पर्यटकही लोटले. 2024 मध्ये जपानला सुमारे 3.69 कोटी परदेशी पाहुणे आले. पांढऱ्या दाण्यांमुळे त्याच भातासाठी जास्त कच्चा तांदूळ लागला तो वेगळाच. प्रत्यक्षात खप झाला 70.5 लाख टन आणि उत्पादन होतं 66.1 लाख टन.

चार-साडेचार लाख टनांची ही तूट साठ्यातून भरली गेली. 2024 च्या जूनअखेर व्यापारी आणि सहकारी संस्थांकडे मिळून 15.3 लाख टन उरला होता. 1999 पासून ही नोंद ठेवली जाते, आणि त्यातला हा नीचांक होता. आदल्या वर्षी त्याच तारखेला 19.7 लाख टन होता. आकडा आटलेला दिसत होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. मंत्रालयाच्याच संकेतस्थळावर होता.

ऑगस्ट

8 ऑगस्ट 2024 ला मियाझाकीजवळच्या ह्युगानादा समुद्रात 7.1 क्षमतेचा भूकंप झाला. नुकसान बेताचं झालं. पण दक्षिण किनाऱ्यालगतच्या नानकाई या समुद्रतळाच्या खंदकात महाभूकंपाची शक्यता वाढली आहे, अशी सूचना सरकारने इतिहासात पहिल्यांदाच दिली. जपानी माणूस अशा वेळी काय करतो? पाणी, बॅटऱ्या आणि तांदूळ भरून ठेवतो. पुढ्यात ओबोन या पितरांच्या सणाची सुट्टी होती, वाहतूक मंदावलेली होती आणि नवं पीक यायला अजून महिना होता. आधीच तळ गाठलेल्या साठ्यावर लोक तुटून पडले. दुकानांनी 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशा पाट्या लावल्या, तरी फळ्या रिकाम्या झाल्या.

ओसाकाचे गव्हर्नर हिरोफुमी योशिमुरा यांनी सरकारी साठा खुला करा अशी मागणी केली. तेव्हाचे कृषिमंत्री तेत्सुशी साकामोतो यांनी ती मानली नाही. सप्टेंबरात नवा तांदूळ येईल, साठा सोडला तर बाजार बिघडेल, लोकांनी घाबरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

या नकारामागे केवळ हट्ट नव्हता, साठ्याची रचनाच तशी होती. हा साठा 1993 च्या दुष्काळातून जन्मला. दुष्काळ म्हणजे पाण्याचा नव्हे, उन्हाचा. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या राखेने आभाळ झाकोळलं होतं, त्यात उन्हाळा थंड गेला आणि निर्देशांक 74 वर आला. जपानला सुमारे 26 लाख टन तांदूळ थायलंड, चीन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून आणावा लागला. थाई तांदूळ लोकांना रुचला नाही. दुकानदारांनी तो देशी तांदळाच्या जोडीला बळेबळे खपवला. त्यानंतर 1995 पासून सरकारी साठा ठेवायची पद्धत आली आणि पुढे तो सुमारे 10 लाख टनांचा ठरला. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या नापिकीला पुरेल इतका. दरवर्षी सुमारे दोन लाख टन घ्यायचा, पाच वर्षं 15 अंशांखालच्या गोदामात ठेवायचा आणि मग पशुखाद्य म्हणून विकून टाकायचा.

पिकलेलं आहे पण पुरत नाही, ही शक्यता या रचनेत बसतच नव्हती. निर्देशांक 101 असताना साठा कोणत्या कलमाखाली सोडायचा? आणि साठा सोडल्यावर भाव पडले तर ग्रामीण मतदारसंघांना काय सांगायचं? सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची मुळं खाचरांत आहेत, हे विसरून ही फाईल वाचता येत नाही.

हरवलेले 2.1 लाख टन

सप्टेंबरात नवं पीक आलं आणि फळ्या भरल्या. भाव मात्र उतरले नाहीत. 2024 च्या सुरुवातीला पाच किलोची पिशवी 2,000 येनच्या आसपास होती. वर्ष संपता संपता ती साडेतीन हजारांकडे सरकली आणि वसंतात 4,000 ओलांडून गेली.

कारण उघड होतं. नवं पीक आल्या आल्या आधीचा खड्डा भरण्यात गेलं. ऑगस्टमध्ये हात पोळलेला प्रत्येक जण, मग तो घाऊक व्यापारी असो, बेंतो डबे करणारा कारखाना असो की गावाहून थेट मागवणारं कुटुंब असो, यंदा हातचं राखून खरेदी करत होता. सहकारी संस्थांची साखळी, म्हणजे जेए, कापणीला शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देते. खाजगी व्यापाऱ्यांनी बांधावर जाऊन त्याहून जास्त भाव मोजला. माल जेएच्या हातून सुटला.

मंत्रालयाला मात्र यात चोर दिसला. पीक 1.8 लाख टनांनी वाढलं, पण मोठ्या खरेदीदारांकडे जमा झालेला माल 2.1 लाख टनांनी घटला. तर मग तो गेला कुठे? कुणीतरी दाबून ठेवलाय. वृत्तवाहिन्यांना विषय मिळाला, 'गायब झालेला तांदूळ'. पाहणी झाली तेव्हा दिसलं की थोडा शेतकऱ्याकडे, थोडा लहान व्यापाऱ्याकडे, थोडा उपाहारगृहांकडे असा माल पातळ पसरलेला आहे. कुणाच्या गोदामात डोंगर सापडला नाही. साठेबाजाचा शोध घेणं हे जगभरच्या सरकारांचं लाडकं काम, कारण साठेबाज सापडला की आपला अंदाज चुकला हे म्हणावं लागत नाही.

लिलाव

2025 च्या जानेवारीअखेर नियम बदलला. वाहतूक-वितरण अडलं असेल तरी साठा सोडता येईल, अट एवढीच की घेणाऱ्याने तितकाच तांदूळ वर्षभरात सरकारला परत विकायचा. 14 फेब्रुवारीला 2.1 लाख टन सोडण्याची घोषणा झाली. मार्चमध्ये लिलाव झाले.

आता हे नीट बघा. भाव उतरवायचे होते, आणि माल दिला जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला. पहिल्या फेरीत 60 किलोला सरासरी 21,217 येन पडले, आणि 90 टक्क्यांहून जास्त माल झेन-नो या जेएच्या राष्ट्रीय शिखर संस्थेने उचलला. परतीच्या अटीमुळे लहान व्यापारी जवळ फिरकलेच नाहीत. पुढच्या वर्षी कोणत्या भावाने घेऊन परत करणार? एप्रिलच्या मध्यापर्यंत दुकानांपर्यंत पोचलेला माल पहिल्या दोन लिलावांच्या दोन टक्क्यांहून जास्त नव्हता.

उशिराचं कारणही रचनेत होतं. साठा असतो तो कोंडा न काढलेल्या तांदळाचा. गोदामातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून गिरणीत, मग पिशव्यांत, मग दुकानात. गिरण्यांची क्षमता रोजच्या धंद्यापुरतीच होती, ट्रकचे चालक कमी होते. आपल्याकडे अन्न महामंडळाचं गोदाम आणि रेशनचं दुकान यांच्यामधली वाट कितीही गळकी म्हटली तरी ती रोजची मळलेली वाट आहे. दर महिन्याला त्यावरून पोती जातात. जपानमध्ये साठा होता, वाट नव्हती. तो घाईने बाजारात नेण्याची सवय कुणालाच नव्हती.

मेच्या मध्यात देशभरातल्या सुमारे हजार सुपरमार्केटांतला सरासरी भाव पाच किलोला 4,285 येनवर गेला. वर्षापूर्वीच्या दुप्पट. तेव्हाच्या दराने किलोला सुमारे पाचशे रुपये.

एक भाषण

18 मे ला कृषिमंत्री ताकू एतो सागा इथल्या पक्षाच्या कार्यक्रमात बोलले की आपण तांदूळ कधी विकत घेतलेलाच नाही, समर्थक इतका देतात की घरात विकण्याइतका साठलेला आहे. टंचाईच्या काळात कृषिमंत्र्याने म्हणायचं हे वाक्य! 21 मे ला ते पदावरून गेले आणि शिंजिरो कोइझुमी आले, माजी पंतप्रधान जुनइचिरो कोइझुमी यांचे चिरंजीव.

कोइझुमींनी लिलाव थांबवला आणि सरकारनेच भाव ठरवून मोठ्या दुकान-साखळ्यांशी थेट करार केले. 60 किलोला सरासरी 10,700 येन, वाहतूक सरकारची, परतीची अट नाही. मधला घाऊक व्यापारी आणि झेन-नो दोघंही वगळले गेले. 31 मे ला पहिल्या पिशव्या दुकानांत आल्या, पाच किलोला करासह 2,160 येनच्या आसपास. पहाटेपासून रांगा लागल्या.

माल होता 2022 आणि 2021 चा. जपानी भाषेत 'को-को-माई', आणि त्याहून जुना तो 'को-को-को-माई'. आपल्याकडे जुना तांदूळ म्हटला की आजी खूश, भात मोकळा होतो. जपानमध्ये नेमकं उलट. तिथे चिकट, ओलसर, नव्या तांदळाला मान, आणि जुन्याचा वास लोकांना खटकतो. तरी रांगा लागल्या, यावरून भावाचा चटका किती होता ते कळतं. शिजवताना थोडी साके (तांदळाची जपानी दारू) किंवा मध घाला म्हणजे वास जातो, अशा कृती महिनाभर फिरत होत्या.

जूनमध्ये सरासरी भाव 4,000 खाली आला, जुलैत साडेतीन हजारांच्या आसपास. धडाडीचं काम म्हणून कोइझुमींचं कौतुक झालं आणि ते बऱ्यापैकी रास्त होतं. पण दोन गोष्टी झाकल्या गेल्या. एक म्हणजे सरासरीत स्वस्त जुना तांदूळ मिसळल्यामुळे आकडा उतरला होता, नावाजलेल्या वाणाच्या पिशवीचा भाव फारसा हलला नव्हता. दुसरं म्हणजे साठा भराभर रिता होत होता. सुमारे 91 लाख पोती म्हणावीत इतका, म्हणजे 9.1 लाख टन साठा होता. त्यातले 3.1 लाख टन लिलावात गेले आणि वर 5 लाख टन थेट करारांसाठी काढले. टायफून, नापिकी, भूकंप यांसाठी मागे काय ठेवलं, हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या दिवसांत कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

तोवर कायदा काय करत होता

योगायोग असा की याच काळात जपानने अन्नसुरक्षेची सगळी कायदेशीर चौकट नवी केली होती. 1999 चा अन्न-शेती-ग्रामीण मूलभूत कायदा 2024 मध्ये सुधारला आणि 'प्रत्येक नागरिकाची अन्नसुरक्षा' हे शब्द त्यात आले. जोडीला जून 2024 मध्ये अन्नपुरवठा-संकटाचा वेगळा कायदा झाला आणि तो 1 एप्रिल 2025 ला लागू झाला. महत्त्वाच्या अन्नाचा पुरवठा 20 टक्क्यांहून जास्त घटला की पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली यंत्रणा उभी राहते. शेतकऱ्यांना आणि आयातदारांना उत्पादनाच्या योजना द्यायला सांगता येतं. योजना दिली नाही तर दोन लाख येनपर्यंत दंड. दिवसाला माणशी 1,900 कॅलरींखाली जाण्याची वेळ आली तर पिकं बदलून बटाटे-रताळी लावायला सांगण्यापर्यंत मजल.

कायदा लागू झाला त्या दिवशी तांदूळ 4,200 येनच्या घरात होता. कायदा वापरला गेला नाही. वापरता येण्यासारखाही नव्हता, कारण तूट पाच-सहा टक्क्यांची होती. 20 टक्क्यांचा उंबरठा इथे निरुपयोगी ठरला. तांदळासारख्या वस्तूत पाच टक्के कमी पडले की भाव पाच टक्के वाढत नाही, दुप्पट होतो. माणूस शर्ट पुढच्या महिन्यावर ढकलतो, जेवण ढकलत नाही.

गव्हाशी तुलना केली की रचनेतला फरक दिसतो. गहू सरकार स्वतः परदेशातून घेतं, मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून, आणि पीठगिरण्यांना वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात ठरवलेल्या भावाने विकतं. गिरण्यांनी 2.3 महिन्यांचा साठा बाळगायचा असतो आणि त्याचा बराचसा खर्च सरकार उचलतं. हा साठा चालू धंद्यातलाच असतो, रोज आत येतो आणि बाहेर जातो. परावलंबी धान्याला उशी ठेवली होती. स्वावलंबी धान्याला ती लागणार नाही असं धरलं होतं.

तांदळाची आयातही अशीच अडवलेली. जागतिक व्यापार करारानुसार 7.7 लाख टन दरवर्षी बिनशुल्क घ्यावेच लागतात, पण त्यातले जेवणाच्या टेबलापर्यंत जास्तीत जास्त एक लाख टन जातात, बाकीचा प्रक्रियेला, पशुखाद्याला किंवा परदेशी मदतीला. कोट्याबाहेर किलोला 341 येन शुल्क. ही भिंत कुणी ओलांडणार नाही असा समज होता. 2025 मध्ये देशी भाव इतके चढले की शुल्क भरूनही कॅलिफोर्नियाचा कालरोझ दुकानात परवडू लागला.

ताशी दहा येन

शेतकऱ्याची बाजू न सांगता हे प्रकरण अपुरं राहील. 30 मार्च 2025 ला टोकियोच्या मध्यवर्ती रस्त्यांवरून तीसेक ट्रॅक्टर निघाले. मोर्चाचं नाव होतं 'रेइवा काळातला शेतकरी उठाव' (रेइवा म्हणजे सध्याच्या सम्राटाचा काळ). त्यांचं म्हणणं, तांदूळ महाग झालेला नाही, तो इतकी वर्षं फुकाच्या भावात जात होता. सरकारी आकड्यांवरून 2021 आणि 2022 मध्ये भातशेतीचं उत्पन्न कामाच्या तासामागे सुमारे 10 येन निघतं. या सरासरीत शनिवार-रविवारी आजोबांचं खाचर सांभाळणारे हजारो नोकरदार आहेत, त्यामुळे ती जरा फसवी आहे. मोठ्या शेतकऱ्याचं गणित बरं असतं. पण दिशा खरी आहे. शेती हाच मुख्य धंदा असलेल्यांची संख्या 2000 मध्ये सुमारे 24 लाख होती, 2024 मध्ये 11 लाख. त्यांचं सरासरी वय 69.2.

इथे मला यामाशितांचं 'भरपूर पिकवा' हे सूत्र अपुरं वाटतं. सत्तरीच्या माणसाला जास्त पिकव म्हणून सांगता येतं, पण पुढच्या दहा वर्षांत तो खाचरात नसेल. त्याची दहा गुंठ्यांची पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीला जोडायची तर दोन गावं, तीन भाऊ आणि एक पाणीवाटप समिती मध्ये येते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. जास्त पिकवून भाव पडले तर उरलेल्या मोठ्या शेतकऱ्याला थेट पैसे द्यावे लागतील, नाहीतर आधी तोच मोडेल, कारण कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. अनुदान जनावरांच्या भातावर जातं ते इकडे वळवता येईल. त्यासाठी जेएला दुखवावं लागेल.

पुन्हा तिथेच

20 जुलै 2025 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावलं. 5 ऑगस्टला पंतप्रधान शिगेरू इशिबा यांच्या बैठकीत सरकारने पहिल्यांदा मान्य केलं की तांदूळ दडवलेला नव्हता, कमीच होता. 2023 च्या पिकात आणि 2024 च्या पिकातही. यापुढे उत्पादन वाढवायचं, असं ठरलं.

ते ठरणं अडीच महिने टिकलं. ऑक्टोबरमध्ये सानाए ताकाइची पंतप्रधान झाल्या आणि यामागातातून निवडून आलेले, मंत्रालयात पूर्वी नोकरी केलेले नोरिकाझु सुझुकी कृषिमंत्री. त्यांचं सूत्र: मागणी तितकंच उत्पादन. 2025 ला भाव पाहून शेतकऱ्यांनी भात वाढवला होता आणि पीक 747 लाख क्विंटल, म्हणजे 74.7 लाख टनांच्या घरात गेलं. 2026 साठी उद्दिष्ट लागलं 71.1 लाख टनांचं. महागाईवर उपाय म्हणून तांदळाच्या कूपनांची चर्चा सुरू झाली. आणि पीक एवढं वाढूनही दुकानातला भाव पुन्हा 4,200 येनच्या वर गेला, कारण कापणीच्या वेळी व्यापाऱ्यांशी स्पर्धा करताना जेएने निइगाताच्या कोशिहिकारीला 60 किलोमागे 30,000 येन आगाऊ देऊ केले होते. आदल्या वर्षी 17,000 होते. महाग घेतलेला माल स्वस्त कोण विकणार?

साठा पुन्हा भरायचा होता, 2026 च्या पिकातून 2.1 लाख टन घेण्याचा मंत्रालयाचा विचार होता. 2025 च्या मेमध्ये सरकारने 60 किलो सरासरी 10,700 येनला विकले. सप्टेंबरात जेए आणि घाऊक व्यापारी यांच्यातला भाव होता 36,895. भाव पडेपर्यंत थांबलं तर तोवर गोदाम रिकामं, आणि आत्ताच घेतलं तर सरकारच्या खरेदीनेच भाव टिकून राहणार. मार्चच्या लिलावात माल उचललेल्यांना परत विकायला दिलेली एक वर्षाची मुदत तर आधीच पाच वर्षांवर नेली आहे.